माशी, मासा आणि बापलेक : मोंटानातल्या एका परंपरेची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या पश्चिम भागात बापाने पोराला नदीत उभं करून फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसं-दोऱ्याची नकली माशी लावून मासे पकडणं, शिकवायचं, मोठ्या भावाने धाकट्याच्या चुका काढायच्या, ही तिथली परंपरा मानली जाते. परंपरा म्हटली की ती पणजोबांपासून जशीच्या तशी चालत आली असं आपण धरून चालतो. इथे मात्र नदी, नदीतला मासा आणि नदीवर जाण्याचा हक्क या तिन्ही गोष्टी गेल्या पन्नासेक वर्षांत भांडून सावराव्या लागल्या आहेत.

जुना काळ थोडक्यात. ब्लॅकफूट नदी सुमारे २१० किलोमीटर वाहत येऊन मिझुला शहराजवळ क्लार्क फोर्क नदीला मिळते. तिच्या काठची वाट मूळ रहिवाशांची; डोंगरापलीकडे गव्यांच्या शिकारीला जाण्याची. १८०६च्या जुलैत पूर्वेकडे परतणाऱ्या लुईस आणि क्लार्क यांच्या सरकारी मोहिमेची एक तुकडी याच वाटेने गेली. पुढे लाकडाच्या गिरण्या आल्या, ओंडके नदीतून वाहून नेले जाऊ लागले आणि १९०८मध्ये संगमावर धरण उभं राहिलं. त्यानंतर वरच्या पाण्यात अंडी घालायला जाणाऱ्या माशांची वाट शंभर वर्षं अडली.

बापलेकांचं चित्र जगभर पोचलं ते १९७६मध्ये. एका निवृत्त प्राध्यापकाने धर्मोपदेशक वडील, आपण आणि अकाली मारला गेलेला धाकटा भाऊ यांच्यावर एक लघुकादंबरी लिहिली. १९९२मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. गंमत अशी की पुस्तक येण्याच्या आदल्याच वर्षी, जून १९७५मध्ये, ब्लॅकफूटच्या उगमाकडे खाणीच्या गाळाचा बांध फुटला आणि जड धातूंचा चिखल नदीत उतरला. चित्रीकरणाची वेळ आली तेव्हा नदीवरची बहुतेक दृश्यं गॅलटिनसारख्या दुसऱ्या नद्यांवर घेतली गेली. पडदा बघून गळ विकत घेतलेले लोक ज्या पाण्याच्या प्रेमात पडले, ते त्या भावांचं पाणी नव्हतंच.

नदीवर उतरायचा हक्कही तसा ताजा. काठची जमीन खाजगी, मग पाणी कुणाचं? १९८४मध्ये न्यायालयाने आणि १९८५मध्ये कायद्याने ते लोकांचं ठरवलं. पुलाखालून उतरा, नदी चढल्यावर पाणी जिथवर येतं त्या खुणेच्या आत राहा, तिथून तुम्हाला कुणी हाकलू शकत नाही. शेत-बंगला नसलेल्या बापाला पोराला घेऊन जाता येतं ते या खुणेमुळे.

पण खरा वाद १९७४चा. तोवर राज्याचं मत्स्यखातं हॅचरीत, म्हणजे मासे पैदास केंद्रात, वाढवलेले, लगेच पकडून तळता येतील एवढे ट्राऊट (थंड पाण्यातले मासे) ट्रकने आणून नद्यांत सोडत असे. खात्यातल्या एका जीवशास्त्रज्ञाने मॅडिसन नदीवर सोपा प्रयोग केला. एका पट्ट्यात मासे सोडणं थांबवलं. जवळच्या ओढ्यात, जिथे कधी सोडत नव्हते, तिथे सोडायला सुरुवात केली. पहिल्या ठिकाणी नदीतच जन्मलेले ट्राऊट वाढले, दुसऱ्या ठिकाणी होते तेही घटले. हॅचरीचे मासे जागेसाठी धक्काबुक्की करतात आणि काही महिन्यांत बहुतेक मरून जातात. खात्याने नद्यांत मासे सोडणं बंद केलं. तळ्यांत आणि जलाशयांत चालू ठेवलं.

ओरड झाली, आणि तिच्यात तथ्यच नव्हतं असं म्हणायला मी तयार नाही. सुट्टीत येणारे मासेमार हा गावांचा धंदा होता. मुलांचा मुद्दा तर आजही निघतो : पहिल्याच दिवशी गळाला काही लागलं नाही तर पोरगं पुन्हा कशाला येईल? तरी निर्णय बरोबरच होता. १९९४मध्ये मॅडिसनमध्ये माशांना गोल गोल फिरवणारा परजीवीचा रोग सापडला, रेनबो ट्राऊट प्रचंड घटले, तेव्हाही ट्रक परत आणले नाहीत.

गोंधळ आहे तो ‘वाइल्ड’ या शब्दाचा. या धोरणाला वाइल्ड ट्राऊटचं धोरण म्हणतात, आणि बऱ्याच जणांना त्यात ‘मूळचा’ ऐकू येतं. वाइल्ड म्हणजे फक्त नदीत जन्मलेला. ब्राऊन ट्राऊटची अंडी १८८३मध्ये जर्मनीहून अमेरिकेत आली. रेनबो पॅसिफिक किनाऱ्याकडचा. मोंटानाच्या बहुतेक नद्यांत दोघेही पाहुणे म्हणून आले आणि घरचे झाले. आपल्या बटाट्यासारखं, समुद्रापलीकडून आला तरी उपासाला चालतो. पश्चिमेकडचे मूळचे म्हणजे जबड्याखाली लाल रेघ असलेला कटथ्रोट आणि बुल ट्राऊट. रेनबोशी संकर होऊन कटथ्रोटचं शुद्ध वाण आक्रसलं आणि १९९८मध्ये बुल ट्राऊट संघराज्याच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला. म्हणजे आजोबा ज्या माशाच्या आठवणी सांगतात तो पुष्कळदा ब्राऊन असतो, आणि नातवाने मूळच्या नदीसाठी काही करायचं म्हटलं तर कधी त्याच ब्राऊनच्या विरोधात जावं लागतं. घराघरांतली कुरबुर इथे आहे.

संगमावरचं धरण २००८मध्ये फोडलं आणि अडलेली वाट मोकळी झाली. आता अडचण उन्हाची आहे. पाणी सलग तीन दिवस २३ अंशांवर गेलं की खातं दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद करू शकतं. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये पोरांना पहाटेच उठवावं लागतं.

जूनमध्ये फादर्स डेच्या शनिवार-रविवारी परवाना लागत नाही. नेमकं तेव्हा डोंगरावरचं बर्फ वितळून नदी चढलेली, चहासारखी गढूळ. मग बापलेक तळ्यावर जातात. माशी बांधायची गाठ पोराला तिथेच शिकवतात : चार-पाच वेढे, टोक फासातून परत, आणि आवळण्याआधी गाठ तोंडात धरून ओली करायची. कोरडी ओढली तर घर्षणाने नायलॉन कमजोर होतो आणि मोठा मासा नेमका तिथेच तोडतो. पहिला मासा वर येतो तो बहुधा ट्रकने आलेला. पाठीवरचा पर टाकीतल्या गर्दीत झिजलेला असतो. बाप तो बोटाने उभा करून दाखवतो. पोराला अर्थात त्याचं काही नसतं.