ऊर्वस्थीची जन्मजात न्यूनता

मांडीच्या हाडाचा, म्हणजे ऊर्वस्थीचा, खुब्याकडचा भाग गर्भातच अपुरा घडतो किंवा घडतच नाही, अशी ही दुर्मीळ विकृती. डॉक्टरांच्या बोलण्यात ती ‘पीएफएफडी’ (प्रॉक्सिमल फीमोरल फोकल डेफिशियन्सी) असते. साधारण ५०,००० ते २,००,००० जन्मांमागे एका बाळात ती आढळते. बहुधा एकच पाय बाधित असतो. सुमारे १५ टक्के मुलांत दोन्ही.

बाळाची मांडी आखूड व जाड दिसते, खुब्यात वाकलेली आणि बाहेर वळलेली असते. तीव्र प्रकारात एका पायाचे पाऊल दुसऱ्याच्या गुडघ्यापाशी येते. निम्म्याहून अधिक मुलांत पोटरीचे बाहेरचे बारीक हाडही आखूड असते किंवा नसतेच. गुडघा आतून धरून ठेवणारे अस्थिबंधही कमकुवत असतात. नागपूरला ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ या सरकारी रुग्णालयांमध्ये विदर्भासोबत छिंदवाडा, बालाघाटकडूनही लोक उपचारांसाठी येतात. अशा बाळाला घेऊन आलेल्यांना पहिल्या एक्स-रेवर पक्के उत्तर मिळेलच असे नाही. खुब्याचा गोळा जन्मतः कूर्चेचा असतो आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफी, पुढे एमआरआय करतात. अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सक एटकिन यांनी १९६९ मध्ये मांडलेले चार प्रकार आजही वापरले जातात: ‘अ’मध्ये गोळा असतो आणि पुढे हाडाशी जुळतो, ‘ड’मध्ये गोळा आणि त्याची खोबण दोन्ही नसतात.

कारण बहुतेक वेळा सापडत नाही. पाय घडतात ते गर्भधारणेच्या चौथ्या ते आठव्या आठवड्यात, म्हणजे पुष्कळदा आईला दिवस गेल्याचे नुकतेच कळलेले असते तेव्हा. थॅलिडोमाइड या औषधाचा आणि आईच्या मधुमेहाचा संबंध ज्ञात आहे. इतर विकृतींशिवाय एकटीच असलेली पीएफएफडी सहसा आनुवंशिक नसते. ग्रहणात आईने विळी हाती धरली म्हणून पाय आखूड झाला, हे सासरी-माहेरी अजून ऐकू येते. त्यात काडीचे तथ्य नाही, पण त्या बाईला ते वर्षानुवर्षे ऐकावे लागते.

पालकांना सर्वांत चकवते ती वाढ. आखूड पायाचे दुसऱ्याशी प्रमाण बहुधा तेच राहते, पण सेंटिमीटर वाढत जातात. मुलाच्या पायाची जन्मतःची लांबी मोठेपणी सुमारे पाचपट होते. म्हणून जन्माच्या वेळचा ४ सेंटिमीटरचा फरक शेवटी २० च्या आसपास जातो. फरक मोजण्याची रीत अगदी साधी आहे: मुलाला उभे करून आखूड पायाखाली लाकडी ठोकळे सरकवत जायचे, कंबर समपातळीत आली की ठोकळ्यांची उंची वाचायची.

फरक थोडा असेल तर बुटाचा तळ उंच करून भागते. मूल वाढेल तसा तो पुन्हा जाडवावा लागतो. खुबा स्थिर असून शेवटचा फरक साधारण २० सेंटिमीटरच्या आत राहणार असेल, तर लांबी वाढवण्याचा विचार होतो. सायबेरियातील कुर्गानचे सर्जन गॅव्रील इलिझारोव यांच्या पद्धतीत हाड कापून बाहेरून रिंग बसवतात. घरचेच माणूस दिवसातून चारदा पाव पाव मिलिमीटर पेच फिरवते. नवे हाड दिवसाला एक मिलिमीटर बनते, पण ते पक्के व्हायला दर सेंटिमीटरमागे साधारण महिनाभर रिंग ठेवावी लागते. खुबा आधी दुरुस्त करावा लागतो, नाहीतर लांबवताना तोच निखळतो.

तीव्र प्रकारांत परिभ्रमण शस्त्रक्रिया हा धाडसी पर्याय आहे. पायाचा खालचा भाग १८० अंशांत फिरवून बसवतात, त्यामुळे टाच पुढे येते आणि घोटा गुडघ्याचे काम करतो. ऐकताना अंगावर काटा येतो. पण कृत्रिम पाय घातल्यावर मूल स्वतःच्या सांध्याच्या जोरावर चालते, पळते. काही पालक दिसण्यामुळे नाही म्हणतात आणि त्यांचा तो अधिकार आहे.

कृत्रिम पाय मूल वाढेल तसा बदलावा लागतो. त्यात नागपूरचा मे महिना! पारा ४५ च्या वर गेला की सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या पोकळ भागात पाय बसतो त्यात, घाम साचतो, कातडी सोलते. दुपारी सॉकेट काढून आतला सुती मोजा बदलावा लागतो आणि पाय कोरडा झाल्यावरच सॉकेट पुन्हा चढवावे लागते.