हिगिन्सच्या माहितीपटांवर चाहते का भांडतात?

स्नूकरचा दोन वेळचा जगज्जेता ॲलेक्स हिगिन्स याच्यावर ब्रिटिश टीव्हीवर माहितीपट लागला, की स्नूकरच्या चाहत्यांत दोन तट पडतात. एका तटाची तक्रार असते की दारू, मारामाऱ्या आणि शेवटची दैना दाखवण्यात सगळा वेळ गेला, खेळ कुठे आहे? दुसरा तट म्हणतो, अधिकाऱ्यांवर हात उगारणाऱ्या माणसाला एवढं डोक्यावर कशाला घ्यायचं? २४ जुलै २०१० रोजी तो बेलफास्टमध्ये वारला. २०२१मध्ये बीबीसीने स्नूकरच्या सुवर्णकाळावर तीन भागांची मालिका दाखवली, तिच्यातही त्याला मोठी जागा होती. या भांडणाचं एक मूळ त्याच्या स्वभावात आहे हे खरंच. दुसरं मूळ मात्र कॅमेरा कधी हजर होता आणि कधी नव्हता, यात सापडतं.

हिगिन्स १८ मार्च १९४९ रोजी बेलफास्टमध्ये जन्मला. डोनेगॉल रोड भागातल्या ‘जॅमपॉट’ नावाच्या स्नूकर हॉलमध्ये तो लहानपणीच खेळू लागला. पंधराव्या वर्षाच्या सुमारास घोड्यांच्या शर्यतीत जॉकी व्हायला इंग्लंडला गेला, पण वजन वाढलं आणि ते स्वप्न संपलं. १९६८मध्ये त्याने उत्तर आयर्लंडचं आणि अखिल आयर्लंडचं हौशी विजेतेपद मिळवलं, १९७१मध्ये तो व्यावसायिक झाला आणि पहिल्याच प्रयत्नात जगज्जेता.

ती १९७२ची जागतिक स्पर्धा आजच्या प्रेक्षकाला ओळखूही येणार नाही. मार्च १९७१मध्ये सुरू झालेली स्पर्धा फेब्रुवारी १९७२मध्ये संपली. उपांत्य फेरीत हिगिन्सने रेक्स विल्यम्सला ३१–३० फ्रेम्सनी (फ्रेम म्हणजे सामन्यातला एक डाव) हरवलं. बर्मिंगहॅममधल्या सेली पार्क ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या क्लबात जॉन स्पेन्सरविरुद्ध झालेली अंतिम लढत ७३ फ्रेम्सची होती, म्हणजे ३७ फ्रेम्स आधी जिंकेल तो विजेता. बिअरच्या क्रेट्सवर फळ्या टाकून प्रेक्षक बसले होते. खाणकामगारांच्या संपामुळे वीज जात होती आणि जनरेटर लावावा लागत होता. बक्षीस ४८० पौंड. हिगिन्स तेव्हा बावीस वर्षांचा होता. सर्वांत तरुण जगज्जेतेपदाचा त्याचा विक्रम १९९०मध्ये स्टीफन हेंड्रीने मोडला.

आणि ही लढत टीव्हीवर दिसलीच नाही. रंगीत टीव्हीचा प्रचार म्हणून बीबीसी २ने जुलै १९६९मध्ये ‘पॉट ब्लॅक’ हा स्नूकरचा कार्यक्रम सुरू केला होता खरा, पण त्यात सामना एका फ्रेमचा असे. जागतिक स्पर्धा १९७७मध्ये शेफिल्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात आली आणि तिचं रोजचं प्रक्षेपण १९७८पासून सुरू झालं. म्हणजे हिगिन्सच्या पहिल्या सहा-सात व्यावसायिक वर्षांची, सर्वांत वेगाने आणि बेफिकिरीने खेळलेल्या वर्षांची, मोजकीच चित्रफीत उरते. माहितीपटवाल्यांच्या हाती भरपूर साहित्य लागतं ते तिथून पुढचं, आणि तिथून पुढे विजयांच्या बरोबरीने शिस्तभंगाच्या कारवायाही आहेत. ‘खेळ दाखवला नाही’ या तक्रारीचं निम्मं उत्तर इथेच आहे. उरलेल्या निम्म्याचा दोष संपादकांचा, कारण जे उपलब्ध आहे तेही ते तुकड्यातुकड्यांनी दाखवतात.

१९८२च्या जागतिक स्पर्धेच्या उपांत्य सामन्यातली तिसावी फ्रेम त्याचं ठळक उदाहरण. वीस वर्षांचा जिमी व्हाइट १५–१४ने पुढे होता आणि त्या फ्रेममध्येही ५९–०ने आघाडीवर. ती फ्रेम जिंकली की व्हाइट अंतिम फेरीत. हिगिन्सने ६९ गुणांचा ब्रेक करून (ब्रेक म्हणजे एकाच पाळीत सलग मिळवलेले गुण) टेबल साफ केलं. हिशेब बघा: शेवटच्या सहा रंगीत बॉल्सचे २७, म्हणजे लाल आणि त्यांच्या जोडीच्या रंगीत बॉल्सवर ४२ मिळवावे लागले. गुलाबी बॉल गेला तेव्हा गुण ६२–५९. काळा चुकला असता तर तो घेऊन व्हाइट ६६–६२ने जिंकू शकला असता. या ब्रेकची ख्याती आकड्याची नाही, ६९ हा काही मोठा आकडा नव्हे. पांढरा बॉल वारंवार नको तिथे थांबत होता आणि प्रत्येक वेळी अवघड फटका मारून त्याला वाट काढावी लागत होती. माहितीपटात यातले दोन-तीन फटके आणि मग टाळ्या दिसतात. पांढऱ्याची पोझिशन चुकलेली दिसली नाही, तर पुढचा फटका अवघड का होता हे कळत नाही आणि नवख्या प्रेक्षकाला एवढं कौतुक कशाचं असा प्रश्न पडतो.

तंत्राबाबतही तेच होतं. कुठलाही प्रशिक्षक शिकवतो की हनुवटी क्यूवर (खेळायच्या काठीवर) ठेवा, डोकं हलू देऊ नका, कोपरापासून खालचा हातच हलू द्या आणि बॉल पॉट होईपर्यंत (पॉकेटात जाईपर्यंत) खाली वाकलेले राहा. हिगिन्स फटक्यासोबतच उसळून उभा राहायचा. डोकं फटक्याच्या आधी उचललं गेलं तर खांदा फिरतो, क्यूची रेषा सुटते आणि क्यूचं टोक (टिप) पांढऱ्या बॉलला मध्यापासून बाजूला लागते. मग नको असलेली साइड (बाजूची फिरकी) मिळते: पांढरा आधी किंचित दुसऱ्या बाजूला ढकलला जातो आणि नंतर वळतो. बारा फुटी टेबल, ५२.५ मिलिमीटरचा बॉल आणि साडेतीन इंचांच्या आसपासचं पॉकेट. एवढी चूक लांबच्या पॉटला पुरते. त्यात तेव्हाचं कापड आजच्यापेक्षा जाड आणि संथ असे. पांढरा मागे खेचायचा तर जास्त जोर लावावा लागे, आणि जोर वाढला की ही चूकही वाढे. तरीही त्याचे पॉट जात, कारण टिप बॉलला लागेपर्यंत क्यू सरळ असायचा आणि उसळणं पुढच्या क्षणी यायचं. लय बिघडली की हा मेळ चुकायचा. एकाच सत्रात तो अफाट आणि सामान्य असा दोन्ही कसा दिसायचा, याचं पुष्कळसं उत्तर यात आहे.

१९८२च्या त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने सहा वेळच्या जगज्जेत्या रे रीअर्डनला १८–१५ने हरवलं आणि शेवटच्या फ्रेममध्ये १३५चा क्लिअरन्स (टेबल साफ करणारा ब्रेक) केला. बक्षीस होतं २५,००० पौंड. डोळ्यांत पाणी आणून पत्नीला व तान्ह्या मुलीला जवळ बोलावणारा हिगिन्स प्रत्येक माहितीपटात असतोच. त्या मोसमात शिस्तभंगामुळे गुण कापले गेले नसते तर क्रमवारीत तो पहिला असता, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. १९८३च्या यूके अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम फेरीत स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध ०–७वरून १६–१५ असा विजय, हा तर चाहत्यांच्या मते त्याहून मोठा पराक्रम.

दुसऱ्या तटाचं म्हणणंही नोंदींवर उभं आहे. १९८६मध्ये यूके अजिंक्यपद स्पर्धेत त्याने स्पर्धा संचालकाला डोक्याने धडक दिली. १२,००० पौंड दंड आणि पाच स्पर्धांची बंदी झाली. १९९०च्या सांघिक वर्ल्ड कपमध्ये त्याने संघातल्याच डेनिस टेलरला गोळ्या घालायला लावीन अशी धमकी दिली. उत्तर आयर्लंडमध्ये हिंसाचार चालू असताना, कॅथलिक टेलरला प्रोटेस्टंट हिगिन्सने असं म्हणणं ही नुसती शिवी राहत नाही, आणि माहितीपट हे पुरेसं समजावून सांगत नाहीत. थोड्याच दिवसांत आयरिश मास्टर्समध्ये टेलरने त्याला ५–२ने हरवलं. त्याच वर्षी क्रूसिबलला पहिल्या फेरीत हरल्यावर हिगिन्सने प्रसिद्धी अधिकाऱ्याला ठोसा मारला आणि पुढच्या मोसमाची बंदी ओढवून घेतली. क्रमवारी घसरली ती कायमची.

माहितीपटात सर्वांत हात राखून मांडला जातो तो तंबाखूचा मुद्दा. ब्रिटिश टीव्हीवर सिगारेटच्या जाहिराती १९६५पासून बंद होत्या, पण प्रायोजकत्व चालत होतं. जागतिक स्पर्धा १९७६ ते २००५ एम्बसी सिगारेटच्या नावाने झाली, मास्टर्स आणि आयरिश मास्टर्स या स्पर्धा बेन्सन अँड हेजेस सिगारेटच्या. टेबलाशेजारी बसून धूर सोडणारा हिगिन्स म्हणजे तासन्‌तास चालणारी फुकट जाहिरातच. १९९८मध्ये त्याला घशाचा कर्करोग झाला. किरणोपचारांनंतर दात गेले, घन अन्न घेणं अवघड झालं, शरीर खंगत गेलं. दातांच्या रोपणासाठी निधी जमवला गेला, पण ती शस्त्रक्रिया सोसण्याची ताकद त्याच्यात उरली नव्हती. तंबाखू कंपन्यांना कोर्टात खेचण्याचा त्याने प्रयत्न केला, हाती काही लागलं नाही. त्या कंपन्यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या स्पर्धा ज्या वाहिन्यांनी वर्षानुवर्षं दाखवल्या, त्यांच्याच माहितीपटांकडून चाहते याचा जाब मागतात, आणि या एका तक्रारीवर दोन्ही तटांचं एकमत असतं.