छत्तीस कोनांचं वर्तुळ

"हे लाल काहून दाखवून राह्यलं?" कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग मशीनचे सुटे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये पडद्याकडे बघून हा प्रश्न हमखास विचारला जातो. हिंगणघाट, वणी, आर्वी या पट्ट्यात कापसाच्या हंगामाआधी दुरुस्तीची घाई असते. आता तालुक्याच्या गावातही एखादं सेकंडहँड व्हीएमसी (संगणकाच्या सूचनांवर धातू कापणारं सीएनसी मशीन) येऊन बसलंय. आयटीआय झालेला पोरगा कॅममध्ये, म्हणजे मशीनच्या सूचना तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रोग्राम करतो, पडताळणीसाठी 'व्हेरिफाय' दाबतो आणि बेअरिंगच्या बोअरभर, म्हणजे बेअरिंग बसायच्या गोल भोकभर, लाल पट्टे उमटतात. उपाय सगळ्यांना पाठ: टॉलरन्सच्या, म्हणजे किती फरक चालेल त्याच्या, रकान्यात ०.०१ मिमी खोडून ०.२ टाका. सगळं हिरवं. चहा मागवा.

हा उपाय भयंकर आहे. का, ते दहावीच्या भूमितीत सापडतं.

पडताळणी म्हणजे काय ते आधी थोडक्यात. टूलपाथ म्हणजे कटरनं कुठून कुठे जायचं त्या सूचना: जी०० म्हणजे हवेतून झपकन, जी०१ म्हणजे सरळ कापत, जी०२ आणि जी०३ म्हणजे कंसात. सॉफ्टवेअर कच्च्या ओतीव भागातून कटरनं व्यापलेली जागा वजा करत जातं. शेवटी उरलेला आकार हव्या असलेल्या आकारावर ठेवून जागोजागी अंतर मोजतं. रंग सॉफ्टवेअरप्रमाणे बदलतात. इथे जास्त कापलं तर लाल, धातू उरला तर निळा, असं धरू.

हवा असलेला आकार बहुतेक वेळा एसटीएल फाइलमधून येतो. १९८०च्या दशकात थ्रीडी प्रिंटिंगसाठी जन्मलेला हा प्रकार कमालीचा अडाणी आहे आणि तेच त्याचं बळ. त्याला वर्तुळ कळत नाही, भोक कळत नाही. कळतात ते फक्त त्रिकोण. तीन कोपरे, बाहेरची बाजू सांगणारी एक दिशा, बायनरी फाइलमध्ये एका त्रिकोणाला ५० बाइट, संपलं. म्हणून जवळपास कुठलंही सॉफ्टवेअर ती वाचतं. मापाचं एककसुद्धा त्यात नसतं. इंचात काढलेला भाग मिलिमीटर समजून उघडला तर २५.४ पट लहान येतो, पण ते निदान डोळ्यांना दिसतं. वर्तुळाचं काय झालं ते दिसत नाही.

६२११ नंबरचं बेअरिंग घ्या, बाहेरचा व्यास १०० मिमी. त्याच्या बोअरचा मेशमध्ये, म्हणजे त्रिकोणांच्या या जाळीत, ३६ बाजूंचा बहुभुज झाला असं समजा. पडदा छटा गुळगुळीत करतो, त्यामुळे तो गोलच भासतो. पण प्रत्येक बाजू ही वर्तुळाची जीवा आहे: लांबी ८.७२ मिमी, अर्धी ४.३६. जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंतची उंची, म्हणजे शर, हीच मेशची चूक. दोन जीवा एकमेकींना छेदतात तेव्हा त्यांच्या तुकड्यांचे गुणाकार सारखे असतात. एक जीवा आपली बाजू, दुसरी तिला मधोमध काटकोनात छेदणारा व्यास. म्हणून शर × (१०० − शर) = ४.३६ × ४.३६, म्हणजे सुमारे १९. शर इतका लहान की (१०० − शर) यातला शर सोडून दिला तरी चालतं. १९ भागिले १००, उत्तर ०.१९ मिमी. आर्यभटानं पाचव्या शतकाच्या शेवटी हा नियम शर आणि अर्धज्या याच शब्दांत सांगून ठेवलाय. त्यावरून आपल्याकडे पंधराशे वर्षांपूर्वी सीएनसी होतं असा मेसेज कृपया कुणी फिरवू नये. वर्तुळाचा गुणधर्म शोधणं हेच पुरेसं मोठं काम आहे.

या बोअरला एच७ (भोकाच्या मापात किती फरक चालेल त्याची एक ठरलेली श्रेणी) मागितलं असेल तर मोकळीक असते शून्य ते ०.०३५ मिमी. मेशची चूक त्याच्या पाचपटीहून जास्त झाली. बाजू वाढवल्या तर? अर्धी जीवा निम्मी झाली की तिचा वर्ग पाव होतो. बाजू दहापट, म्हणजे ३६० केल्या, तर चूक शंभरावा भाग: ०.००१९. बोअरच्या भिंतीचे त्रिकोण ७२चे ७२० होतात, जेमतेम ३६ हजार बाइट.

आता खरी गंमत: चूक कुठल्या बाजूला पडते? जीवा कायम वर्तुळाच्या आत. भोकात 'आत' म्हणजे रिकामी जागा, म्हणून मेशचं भोक खऱ्यापेक्षा लहान. अचूक गोल फिरलेल्या कटरनं प्रत्येक बाजूच्या मध्यावर ०.१९ जास्त खाल्लं, असं मेश म्हणते. झाले लाल पट्टे. बाहेरून गोल असलेल्या उंचवट्याला, म्हणजे बॉसला, हेच उलटं लागू: तिथे 'आत' म्हणजे धातू, मेशचा बॉस बारीक, त्यामुळे अचूक कटरनं धातू शिल्लक ठेवल्यासारखा दिसतो. निळे पट्टे. सारख्या अंतरावरचे पट्टे, कोपऱ्यांवर शून्य, मध्यावर सर्वाधिक, भोकात लाल आणि बॉसवर निळे: असं दिसलं तर टूलपाथ निर्दोष, दोष मेशचा.

टॉलरन्स ०.२ केलं की हे पट्टे जातात, पण कटर आत शिरताना पडलेली ०.१५ची खरी खोचही त्यांच्यासोबत गायब होते. इलाज दुसऱ्या टोकाला आहे. मॉडेलमधून एसटीएल काढताना जीवेची चूक किती चालेल असा रकाना असतो, तो न वाचताच लोक ओके दाबतात. मी तिथे पडताळणीच्या टॉलरन्सचा पाचवा भाग टाकतो, ०.०१ला ०.००२.

याहून वाईट सापळा हिरवा असतो. मोडका भाग स्कॅन करून कुणी नुसती एसटीएल पाठवली, ती ओबडधोबड असली आणि टूलपाथही तिच्यावरच काढला, तर कटर ३६ सपाट भिंती इमानदारीनं कापतं. पडताळणी त्याच मेशशी. गाइडातून नक्कल केलेला पेपर त्याच गाइडावरून तपासला की पैकीच्या पैकी गुण. बोअर मात्र सपाटीपासून सपाटीपर्यंत ९९.६२ भरतो, बेअरिंग आत जाणारच नाही. म्हणून बोअरसारखे भाग ड्रॉइंगच्या मापावरून खऱ्या कंसात घ्यावेत आणि मेश तपासणीपुरती ठेवावी.

मशीनवर चुकीचा भरलेला ऑफसेट (भाग किंवा कटर नेमका कुठे आहे ते सांगणारा आकडा) किंवा ढिला क्लॅम्प यांतलं काही मेशला दिसत नाही. मे महिनाही दिसत नाही. मापं २० अंश तापमानाला धरलेली असतात. ४५ अंशांत १०० मिमीचं ओतीव लोखंड सुमारे ०.०२७ मिमी फुगतं, जवळजवळ एच७ची सगळी मोकळीक. गेजही, म्हणजे मोजायचं साधनही, तेवढाच तापलेला असेल तर फरक बराचसा कटतो. एसीच्या खोलीतून आणलेला असेल, तर जॉब (कापलेला भाग) आणि गेज एकाच टेबलावर तासभर शेजारी ठेवायचे आणि मग मोजायचं.