एक मे : जिल्ह्यांचाही वाढदिवस

१ मे म्हटलं की झेंडावंदन, संचलन आणि हुतात्मा चौकातली पुष्पचक्रं. पण सरकारदरबारी या तारखेचं आणखी एक महत्त्व आहे. राज्यात काही नवं सुरू करायचं, तर मुहूर्त बऱ्याचदा हाच.

मूळ १९६०चं. विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ अशी मोट बांधून १ नोव्हेंबर १९५६ला द्वैभाषिक मुंबई राज्य केलं गेलं. ते ना मराठी माणसाला पटलं, ना गुजराती माणसाला. फ्लोरा फाउंटनचा गोळीबार त्याआधीचा, २१ नोव्हेंबर १९५५चा. पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली ती फेब्रुवारी १९५६मध्ये. १९५७च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला चांगलाच दणका दिला. अखेर संसदेने मुंबई पुनर्रचना कायदा केला आणि २६ जिल्ह्यांचा महाराष्ट्र झाला. यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री. गुजरातही त्याच दिवशी जन्मला. ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातली काही गावं तिकडे गेली. बेळगाव, कारवार तर १९५६लाच म्हैसूरकडे गेले होते.

दोनच वर्षांनी, १ मे १९६२ला, जिल्हा परिषदा सुरू झाल्या. माझ्या मते, गावातल्या माणसाला नवं राज्य खऱ्या अर्थाने भेटलं ते तेव्हा. तोवर पश्चिम महाराष्ट्रात लोकल बोर्ड, विदर्भात जनपद सभा, मराठवाड्यात निजामी वळणाचा कारभार. राज्य एक, पण शाळेच्या गळक्या कौलांची तक्रार करायची कुठे, याचं उत्तर तीन भागांत तीन तऱ्हांचं. वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर हे एका कायद्याखाली आलं.

पुढे जिल्हे फुटत गेले. १ मे १९८१ला औरंगाबादमधून जालना निघाला (परतूर मात्र परभणीकडून आलं) आणि रत्नागिरीतून सिंधुदुर्ग. तोवर सावंतवाडीच्या माणसाला कलेक्टर कचेरीत काम पडलं, तर घाटवळणं काढत थेट रत्नागिरी गाठावी लागे. १ मे १९९९ला परभणीतून हिंगोली आणि भंडाऱ्यातून गोंदिया वेगळे झाले.

गाड्यांच्या पाट्यांवर मात्र हा क्रम उलटा दिसतो. सिंधुदुर्ग एमएच ०७, रत्नागिरी ०८. गोंदिया ३५, भंडारा ३६. दोन्हीकडे लेकीचा नंबर आईच्या आधी!