भात-पोळी कमी केली की ताकद जाते?

‘शुगरवाल्याने भात-पोळी कमी केली की अंगात ताकदच राहत नाही’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. भीती खरीये, कारण नुसती काकडी-कोशिंबीर खाऊन राहिलं तर अशक्तपणा येणारच. पण कॅलरी फक्त कार्बमधून (म्हणजे कार्बोहायड्रेट, भात-पोळीत मुख्यतः हेच असतं) मिळत नाहीत ना, १ ग्रॅम कार्बला ४, प्रोटीनला ४ आणि फॅटला तर ९ मिळतात. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण १७० कॅलरी असतात, कार्ब मात्र ५ ग्रॅमच्या आसपास! पाकिटामागचा तक्ता वाचा, दिसेल. मग पोळी कमी केली तर त्या जागी अंडी, पनीर, दाणे वाढवा, आणि वजन उतरतंय का ते बघत राहा. फक्त इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा प्लीज, डोस तोच ठेवून कार्ब कमी केले तर शुगर एकदम खाली जाऊ शकते.