लंडनचा रिंगनेक आणि ओसरीतला मिठू

दर उन्हाळ्यात तोच वाद ऐकू येतो. कुणीतरी मोबाइलवर परदेशातला व्हिडिओ दाखवतं. खांद्यावर बसलेला हिरवा, निळा नाहीतर पिवळाधमक पोपट, मालकाच्या हातून दाणे खातो आहे, आणि खाली नाव ‘इंडियन रिंगनेक’. मग प्रश्न येतोच, “तिकडं हाच पोपट दुकानात भेटते, तं मंग आमच्या मिठूलेच काय धाड भरली? आमी पाळला तं गुन्हा कसा?” त्यावर दुसरा म्हणतो, कायदा फक्त गरिबालाच. तिसरा म्हणतो, पोपट पाळणंच पाप. तिघांचाही घोटाळा एकाच जागी आहे, आणि तो कुणी नीट सोडवत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

पक्षी एकच आहे, हे आधी मान्य करून टाकू. व्हिडिओतला रिंगनेक आणि आपल्या जवारीवर उतरणारा कंठवाला पोपट ही एकच जात. निळा-पिवळा रंग पिंजऱ्यातल्या पैदाशीत पिढ्यानपिढ्या निवडून टिकवलेला आहे. रंग बदलला म्हणून जात बदलत नाही. मेळघाटाकडचा पहाडी पोपट वेगळा, अंगानं मोठा, खांद्यावर लाल डाग. पण इथल्या कायद्यात तोही मिठूच्याच ओळीत आहे.

मिठू कसा असतो हे विदर्भातल्या माणसाला सांगत बसत नाही. ओसरीत टांगलेला गोल पिंजरा, वाटीत भिजलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड, येणाऱ्याजाणाऱ्याला “राम राम”. प्रत्येकानं मामाच्या गावी हे पाहिलं आहे. ओव्यांमध्ये लेकाला राघू आणि लेकीला मैना म्हणणारी आपली माणसं. ही माया खरी आहे, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते पिल्लू आलं कुठून, याबद्दल. सगळा फरक तिथं आहे.

युरोपात रिंगनेक विकणारा बहुतेक वेळा पैदास करणारा असतो. त्याच्याकडे नर-मादीची जोडी असते, अंडी घालायला लाकडी पेटी असते. पिल्लू दहाएक दिवसांचं झालं की त्याच्या पायात बिनजोडाची धातूची कडी सरकवतात. कडीवर वर्ष आणि क्रमांक कोरलेला असतो. पाय भरला की ती कडी निघत नाही, आणि मोठ्या झालेल्या पक्ष्याच्या पायात तशी कडी घालताही येत नाही. म्हणून ती कडी म्हणजे हा पक्षी माणसाच्या देखरेखीखाली अंड्यातून निघाला याची खूण. आपल्याकडे लोक सांगतात, “आमच्याही पोपटाच्या पायात कडी हाय.” ती नीट बघा. तिला जोड असतो. ती नंतर चिमट्यानं दाबून बसवलेली, साखळी अडकवायला केलेली कडी आहे. तिच्यावरून पक्षी कुठून आला हे काहीच कळत नाही.

आपला मिठू पेटीतून येत नाही. तो मोहाच्या, साजाच्या, बांधावरच्या जुन्या चिंचेच्या ढोलीतून येतो. माघ-फाल्गुनाच्या सुमारास मादी ढोलीत तीन-चार अंडी घालते, तीन-साडेतीन आठवडे उबवते, आणि पिल्लं पुढं सहा-सात आठवडे आतच वाढतात. पोरं झाडावर चढतात ती याच मधल्या दिवसांत, कारण उडायला लागलेलं पिल्लू हाती लागत नाही आणि लागलं तरी सहजी माणसाळत नाही. हात आत जात नाही, मग कुऱ्हाडीनं ढोलीचं तोंड मोठं करतात. इथं खरं नुकसान होतं. पोपट सहसा नवी ढोली कोरत नाही. सुतार आणि तांबट पक्ष्यांनी कोरून सोडलेली जुनी भोकं तो घेतो, फार तर कडा कुरतडून थोडी रुंद करतो. अशी ढोली जुन्या झाडावर एखादी-दुसरी असते. तोंड फाडल्यावर पाऊस आत शिरतो, कावळ्याचीही चोच पोचते, आणि ती जागा कामातून जाते. पुढच्या वर्षी तिथं पोपट नाही, पिंगळा नाही, साळुंकीही नाही. एका घराच्या हौसेपायी झाड रिकामं होतं.

चैत्रात रस्त्याच्या कडेला पिल्लांची टोपली दिसली तर पाच मिनिटं थांबून बघा. अंगावर पिसांऐवजी निळसर काटे, डोळे अर्धवट उघडलेले, गळ्याखालची पिशवी पातळ पिठानं फुगलेली, चोचीच्या कडेला तेच पीठ वाळून कडक झालेलं. विकणारा सांगतो, “आठ दिवसांत बोलते.” टोपलीतली सगळी काही जगत नाहीत. जे जगतं त्याला आपण मिठू म्हणतो आणि बाकीच्यांची आठवणही ठेवत नाही.

“आमच्याकडं दहा वर्षं आहे, आता तो पाळीवच झाला,” हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. पाळीव होते ती जात, एकटा पक्षी नाही. बजरीचं, म्हणजे बजरीगर या चिमुकल्या ऑस्ट्रेलियन पोपटाचं उदाहरण घ्या. जॉन गूल्ड या पक्षीशास्त्रज्ञानं १८४० मध्ये ऑस्ट्रेलियातून बजरीची जोडी इंग्लंडला नेली, आणि तेव्हापासून पिंजऱ्यातच तिच्या पिढ्या वाढत गेल्या. आज दुकानातल्या बजरीसाठी कुणी ऑस्ट्रेलियातल्या झाडावर चढत नाही. (आपल्याकडचे दुकानदार हिलाच ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात. लव्हबर्ड आफ्रिकेतला, शेपटी आखूड, अंगानं जाड. एकदा बघून घ्या, पुन्हा चुकणार नाही.) मिठूच्या बाबतीत मात्र प्रत्येक नव्या पिंजऱ्यामागं एक नवी ढोली फुटते.

आता लंडनकडे वळू, कारण तिथं चित्र नेमकं उलटं आहे. पिंजऱ्यातून सुटलेल्या आणि सोडलेल्या रिंगनेकचे थवे आता लंडन, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम इथल्या बागांमध्ये मोकळे फिरतात. तिथल्या मातीत तो उपरा. फळबागांचं नुकसान करतो, ढोल्या बळकावतो, म्हणून मोकळ्या रिंगनेककडे तिथं डोकेदुखी म्हणूनच बघतात, आणि पिंजऱ्यातला मात्र रीतसर विकत घेतलेला सोबती. आपल्याकडे मोकळा पक्षी कायद्यानं जपलेला आणि पिंजऱ्यातला हाच गुन्हा. एकाच पक्ष्याबद्दल दोन देशांचे नियम असे उलटे का, याचं उत्तर पक्षी मुळात कुठला, यात आहे. त्यात गरीब-श्रीमंत असं काही नाही.

यावरून “गोऱ्या लोकांना पक्ष्यांची कदर जास्त” असा निष्कर्ष काढणारेही भेटतात. तेही खरं नाही. जंगलातून पकडलेले पोपट जहाजं-विमानं भरून त्यांनीच कित्येक वर्षं नेले. अमेरिकेनं १९९२ मध्ये कायदा करून ही आयात आवळली. युरोपीय संघानं जंगली पक्ष्यांची आयात २००५ मध्ये बर्ड फ्लूच्या भीतीनं थांबवली आणि २००७ मध्ये कायमची बंद केली. पैदाशीची पेटी आणि बिनजोडाची कडी ही त्यांची जुनी पुण्याई नव्हे. त्यांच्या दाराबाहेर पोपटच नव्हता, म्हणून पिंजऱ्यातल्या जोडीकडूनच पिल्लं घ्यावी लागली. उलट ब्राझील बघा. तिथं पोपट रानात भरपूर, आणि १९६७ च्या कायद्यानं रानातला पक्षी धरायला बंदी. तरी खेड्यापाड्यांत ढोलीतून काढलेला ॲमेझॉन पोपट घराच्या पडवीत बोलायला शिकवतात. तिथली आजी आपल्या वऱ्हाडातल्या आजीसारखीच म्हणते की हा घरचाच झाला. ज्यांच्या शेतावर पोपटांचा थवा येतो, त्यांचा हात ढोलीत जातो. ही सवय पूर्व-पश्चिमेची नाही.

कायद्याचं थोडक्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आपले देशी पोपट आहेत. देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून बंद आहे. पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं, सगळं गुन्ह्यात येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जत्रेतला चिठ्ठी काढणारा पोपटही यातून सुटत नाही. “आमच्याकडं पिंजऱ्यातच अंड्यातून निघाला,” या सबबीचा उपयोग नाही, कारण परवानगीशिवाय पिंजऱ्यात वाढवलेला वन्यप्राणीही सरकारचीच मालमत्ता ठरतो. आणि हे मला योग्यच वाटतं. ढोलीतलं पिल्लू आणि पेटीतलं पिल्लू शेजारी ठेवली तर कुणालाच ओळखता येणार नाहीत. एकाला सूट दिली की टोपलीवाला उद्यापासून सगळीच पेटीतली म्हणून विकेल.

परदेशी पक्ष्यांचं निराळं. बजरी आणि कॉकाटिएल (तुरेवाला छोटा पोपट) ठेवायला अडचण नाही. मकाव, काकाकुवा, आफ्रिकन ग्रे यांची मात्र २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते.

दोन-तीन समजुती जाता जाता मोडतो. मिरची खाऊन पोपट बोलत नाही. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, म्हणून तो ती सुखानं खातो, एवढंच. दूध-पोळी देऊ नका, पक्ष्याला दूध पचत नाही. आणि “बोलतो म्हणजे खूश आहे” हे तर अजिबात नाही. पोपट थव्यातला पक्षी. थव्यातले आवाज उचलणं हा त्याचा स्वभाव. एकटा कोंडला की जी माणसं समोर दिसतात त्यांनाच तो थवा धरतो आणि त्यांचे आवाज काढतो. ज्या “राम राम”चं आपल्याला कौतुक वाटतं, ती त्याची जोडीदाराला घातलेली साद असते.

माझी आवड विचाराल तर पिंजराच नको. पोराचा हट्ट मोडत नसेल तर बजरीची जोडी आणा, एकटी नको. पिंजरा लांबरुंद चौकोनी घ्या. गोल पिंजऱ्यात पक्ष्याला धड चार पंख मारता येत नाहीत, आणि तोच आपल्या बाजारात सर्रास विकतात. जवारीवर बसलेला थवा गोफणीनं उडवणारा शेतकरी मला पिंजरेवाल्यापेक्षा कितीतरी कमी खटकतो. त्याचं भांडण पिकापुरतं आहे आणि पक्षी उडून जातो. बांधावरचं वाळत चाललेलं मोहाचं झाड सरपणाला तोडलं नाही, तर मिठूचं जेवढं भलं होईल तेवढं पिंजऱ्यातल्या डाळीनं होत नाही.

हे पटलं म्हणून आज संध्याकाळी पिंजऱ्याचं दार उघडू नका. लोक पुण्य म्हणून सोडतात आणि पंख छाटलेला, दाणे शोधायला न शिकलेला पक्षी दुसऱ्या दिवशी मांजराच्या तोंडी जातो. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, नाहीतर जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात सांगा. नागपूरच्या आसपास असाल तर सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे वन्यप्राण्यांवर उपचार करणारं केंद्र आहे. छाटलेली पिसं पुढच्या पिसगळीत नवी येतात. तोवर त्याला मोठ्या जाळीत इतर पोपटांबरोबर उडायला शिकावं लागतं, आणि ती सोय आपल्या ओसरीत होत नाही.