स्पोर्ट क्वाडची पुढची चाके: रुंदीच्या हव्यासाचा इतिहास

कच्च्या वाटांवर हौसेने चालवायची होंडाची पहिली तीनचाकी १९७० मध्ये अमेरिकेत विकायला आली, तेव्हा तिला सस्पेन्शन नव्हते. गचके खायचे काम २२ इंची, अगदी कमी हवेच्या फुगीर टायरचे. अशा गाडीचे पुढचे चाक बदलून फारसे काही साधत नसे. सुझुकीने १९८२ मध्ये तशीच चारचाकी, म्हणजे क्वाड, आणली, पण खरे वळण आले ते १९८५ च्या एलटी२५०आर आणि १९८६ च्या होंडा टीआरएक्स२५०आरमुळे. दोन्हींना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन होते. १९८८ मध्ये अमेरिकन सरकारशी झालेल्या करारानंतर नव्या तीनचाकींची विक्रीच थांबली, आणि हौशी मंडळींचे सगळे लक्ष क्वाडवर आले.

गचके आता सस्पेन्शनचे शॉक अब्झॉर्बर घेणार म्हटल्यावर टायर बुटका, कडक चालू लागला. कंपनीचा २१ किंवा २२ इंची टायर काढून मोटोक्रॉसवाले (खडबडीत मातीच्या ट्रॅकवर शर्यत लावणारे) २०×६-१० घालू लागले, म्हणजे २० इंच उंच, ६ इंच रुंद, १० इंची रिमचा टायर. गाडी थोडी खाली बसते आणि वळणावर टायर कमी लचकतो. तरी अरुंद क्वाड आतले चाक उचलायचीच. त्यावर स्वस्त इलाज रिमच्या ऑफसेटचा, म्हणजे रिम हबला (चाक बसते त्या मधल्या भागाला) कुठे टेकते ती जागा बदलण्याचा.

१०×५ ची (१० इंच व्यासाची, ५ इंच रुंद) रिम दोन मापांत मिळते: ४+१ आणि ३+२. पहिला आकडा हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून आतल्या कडेपर्यंतचे इंच, दुसरा बाहेरचे. ४+१ काढून ३+२ लावली की प्रत्येक चाक इंचभर बाहेर जाते आणि रुंदी २ इंच वाढते. फुकट मात्र काही नाही. चाक नकलच्या (हँडलसोबत वळणारा, हब धरणारा भाग) फिरण्याच्या अक्षापासून लांब गेल्याने दगडाचा प्रत्येक फटका हँडलला हिसका देतो, बेअरिंग आणि टाय-रॉडची (हँडलचे वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याची) टोके लवकर खिळखिळी होतात. हब आणि रिममध्ये घालायच्या स्पेसर चकतीचा परिणाम तोच, वर ढिले व्हायला आणखी एक जोड. शर्यतीच्या गाडीला स्पेसर लावूच नये.

योग्य वाट ए-आर्मची, म्हणजे चाक सांगाड्याला जोडणाऱ्या A आकाराच्या दांड्यांची. +२ चे (दोन इंच जास्त लांब) आर्म चाक आणि नकल दोन्ही सोबत बाहेर नेतात, त्यामुळे हिसका वाढत नाही. पण त्यांच्यासोबत लांब टाय-रॉड आणि लांब ब्रेक होज हवेत. मूळ ४६ इंची गाडी इथेच ५० ला पोचते, आणि अमेरिकेतल्या क्वाड मोटोक्रॉसची मर्यादाही ५० इंचांचीच. म्हणून रुंद आर्मला ४+१ रिमची जोड देतात. पुढे कंपन्यांनीच हे मनावर घेतले: २००६ ची सुझुकी एलटी-आर४५० आणि २००९ ची यामाहा वायएफझेड४५०आर कारखान्यातूनच सुमारे ४९ इंची निघाल्या.

रिम घेताना बोल्टचे वर्तुळ आधी मोजावे. होंडा-यामाहाच्या बहुतेक स्पोर्ट क्वाडना पुढे ४/१४४ (१४४ मिमी व्यासाच्या वर्तुळावर ४ बोल्ट), तर सुझुकी एलटी-झेड४०० ला ४/१५६ लागते. नट रिमच्या बैठकीशी जुळणारेच हवेत. निमुळत्या बैठकीवर सपाट नट कितीही आवळला तरी सुटतो. चाक हाताने फिरवून ब्रेकच्या कॅलिपरला घासते का पाहावे, मग हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून रिम टाय-रॉडला लागते का तेही. टो-इन (पुढची चाके समोरच्या बाजूला किती जवळ येतात ते अंतर) ३ ते ६ मिमी, हबच्या उंचीवर टायरच्या पुढे आणि मागे मोजून. पहिल्या फेरीनंतर नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासावेत, कारण नव्या रिमवरचा रंग दबला की पकड कमी होते.